दहा ग्रॅमची गोळी

लोंगव्हिक, १६ एप्रिल २०१३

तूरे,

परवा फोन मी आपटला, हे खरं आहे. तू ओरडत होतास आणि माझी लापशी करपत होती. आता लिहून कळवते. कागदावर तरी तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

आपल्या शिकारीच्या टोळीची बैठक रविवारी जुन्या शाळेत झाली. या सप्टेंबरपासून आपल्या रानात शिशाची गोळी चालणार नाही. फक्त तांब्याची. टोळीप्रमुख मी आहे, ठराव मी मांडला आणि दोघं सोडून सगळ्यांनी हात वर केले. तू आला असतास तर तिसरा झाला असतास, बाकी काही बदललं नसतं.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. बाबांच्या साडेसहा मिलिमीटरच्या रायफलला मूस हरणासाठी दहा ग्रॅमची गोळी लागते, कायदाच तसा आहे. तांबं शिशापेक्षा हलकं. त्या बारीक नळीसाठी दहा ग्रॅमची तांब्याची गोळी करायची म्हणजे ती पेन्सिलीसारखी लांब होणार. मी दुकानात विचारलं, मिळत नाही. हलकी मिळते, पण तिला कायद्याला हवा तेवढा जोर नाही. तेव्हा मुसासाठी ती रायफल संपली. रानकोंबड्यांसाठी ठेव.

माझ्या आर्नेची तीनशे आठ कॅलिबरची रायफल कपाटात आहे. तो गेल्यापासून दर वर्षी मी तिला तेल लावते. ती घे, आणि मोकळा हो.

गुनवोर

*

येव्ले, २२ एप्रिल

गुनवोर,

तांबं! तांब्याचे नळ करतात. मूस मारायचाय की संडास दुरुस्त करायचाय?

बाबांनी याच रायफलनं आणि याच दहा ग्रॅमनं आपल्याला वाढवलं. मी सोळा वर्षांचा असल्यापासून तीच गोळी घालतोय. माझी काडतुसं मी स्वतः तळघरात भरतो, कुणाच्या बापाची भीक नाही. ती गोळी जड आहे, गोल नाकाची आहे आणि सावकाश जाते. बरगडीला लागली की अळंबीसारखी फुलते आणि पलीकडच्या कातडीखाली येऊन बसते. प्रत्येक गोळी मी काढतो, धुतो आणि तोलतो. नऊ ग्रॅम भरते. इतकं इमान माणसातही सापडत नाही हल्ली.

आणि हे मला शिकवतंय कोण? जी बाई सात मिलिमीटरची मॅग्नम रायफल घेऊन हिंडते ती! हलकी गोळी, आणि पळते अशी की मागे पोलीस लागलेत. हाडाला लागली की फुटून चहूकडे. गेल्या शरदातल्या त्या मादीचा फरा आठवतो का? फरा कसला, लिंगोन बेरीचा मुरंबा होता तो. मी तिथेच म्हणालो होतो, वजन वाढव, वेग कमी कर. तेव्हा हसलीस.

आर्ने भला माणूस होता, पण त्याची रायफल मला नको. मेलेल्या माणसाचे बूट घालायची माझ्यावर अजून वेळ आलेली नाही.

ठराव मागे घे.

तूरे

*

लोंगव्हिक, २ मे

तूरे,

दहा ग्रॅमची गोळी नऊ भरते, हे तूच लिहिलंस. मग उरलेलं एक ग्रॅम गेलं कुठे? मुसाच्या खिशात?

ते मांसात जातं, शहाण्या. वाळूपेक्षा बारीक तुकडे होऊन. दाताखाली येत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. खिम्याच्या यंत्रातून निघतात आणि ताटात जातात. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी असलं मांस खाऊ नये, असं वर्तमानपत्रातसुद्धा आलंय. तू वर्तमानपत्रात फक्त हॉकी वाचतोस.

माझी मॅग्नम मी विकली. त्याविषयी बोलायचं नाही.

ठराव मागे घेणार नाही. आणि माझ्याशी बोलताना बाबांना मध्ये आणू नकोस.

गुनवोर

*

येव्ले, ९ जून

गुनवोर,

महिनाभर विचार केला, म्हणजे रागाच्या भरात लिहितोय असं म्हणू नकोस. राग आहेच, पण तो आता मुरलाय.

मी टोळी सोडली. तळ्यापलीकडच्या टोळीच्या अस्सारला फोन केला, त्यानं लगेच जनावराची वाट धरून बसायला नाका दिला, वरच्या दलदलीजवळचा. त्यांच्याकडे अजून माणसं माणसांसारखी शिकार करतात. "तुझी बहीण बॅले शिकवायला लागली की काय?" म्हणाला. मी हसलो. मला हसायचं नव्हतं, पण हसलो.

बाबांना मध्ये आणू नकोस म्हणतेस. का, ते मी सांगतो. बाबांनी तुला एकदाही नाक्यावर बसवलं नाही. हाका घालायला पाठवलं, कॉफी उकळायला लावलं, आतडी धुवायला लावलं. रायफल मला दिली. चाळीस वर्षं ते तुझ्या घशात अडकलंय. आता प्रमुख झालीस तर पहिलं काम काय, तर त्यांची रायफल भिंतीला टांगायची. शिसं हे निमित्त.

हे बरं झालं, की आपण फोनवर बोलत नाही.

तूरे

*

येव्ले, १३ ऑक्टोबर

गुनवोर,

उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे.

तरी बातमी सांगतो, कारण तुला ती अस्सारच्या बायकोकडून कळणारच. शिकारीच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या दलदलीत सकाळच्या धुक्यातून एक शिंगांचा नर आला. आठ टोकांचा. हाका अजून लांब होता, हा आपला स्वतःच्या कामानं चालल्यासारखा. सत्तर मीटरवर आडवा उभा राहिला. एक गोळी. चार पावलं चालला आणि बसला, जसं माणूस जेवायला बसतो. गोळी पलीकडच्या कातडीखाली. तोलली. किती भरली ते लिहीत नाही, नाहीतर पुन्हा तेच विचारशील.

तुमच्याकडचंही कळलं. तांबं खाऊन एक मादी तळ्यापर्यंत पळाली म्हणे, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत कुत्र्याच्या मागे. चालायचंच. नळ गळका असेल.

माझ्या वाट्याचा खिमा परवा स्वतः ओस्टरसुंडला नेऊन तुझ्या यिल्वाच्या फ्रीझरमध्ये भरला. दर वर्षी डबा बसनं पाठवतो, या वर्षी म्हटलं तोंड दाखवून यावं. यिल्वा कामावर होती, जावई योनास होता. ताज्या खिम्याचे गोळे मी स्वतः तळले. तुझ्या नातीनं, स्वेयानं, ताट दोनदा पुढे केलं. तीन वर्षांच्या पोरीनं! "मामाआजोबा, अजून." तुझ्या वर्तमानपत्राला सांग.

तूरे

*

लोंगव्हिक, १६ ऑक्टोबर

तूरे,

तू काय केलंस ते तुला माहीत नाही. आता ऐक.

स्वेया गेल्या हिवाळ्यात फिकट पडली. चिडचिडी झाली, पोट दुखतं म्हणायची, वजन वाढेना. फेब्रुवारीत रक्त काढलं. रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घर जुनं आहे का, रंग निघालाय का, नळ कसले आहेत. शेवटी विचारलं, मूल खातं काय. मुसाचा खिमा, यिल्वा म्हणाली. आठवड्यातून चार-पाच वेळा. स्वस्त, चांगला, घरचा. आपण सगळे त्यावरच वाढलो.

म्हणून मी एप्रिलमध्ये ठराव आणला. म्हणून मी तुझ्या शिव्या खाल्ल्या. कारण सांगितलं नाही, कारण दर नाताळाला त्यांच्याकडे डबा कुणाचा जातो ते मला माहीत आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याला हे कळलं तर तो मोडेल. म्हटलं गोळी बदलू दे, कारण कळायची गरज नाही.

आणि तू तेच मांस पुन्हा तिच्या ताटात वाढलंस. तिच्यासमोर बसून. वर मला खिजवायला पत्र लिहिलंस.

यिल्वाला चौथा महिना चालू आहे. हेही तुला माहीत नव्हतं. ती तुला सांगणार होती, पण तू तर अस्सारच्या टोळीत.

यिल्वाला मी काल रात्री फोन करून सांगितलं, फ्रीझरला हात लावू नकोस म्हणून. तो खिमा बाहेर काढ. कसा काढतोस ते तू बघ.

गुनवोर

*

येव्ले, २७ ऑक्टोबर

गुनवोर,

पत्र शुक्रवारी मिळालं. कोट घातला आणि गाडीत बसलो. हुडिक्सवालच्या पुढे बर्फ पडायला लागला, टायर उन्हाळ्याचेच होते. तरी गेलो.

दार योनासनं उघडलं. त्याला म्हटलं, बाजूला हो. तो चड्डीवर होता, बिचारा. मी फ्रीझर उघडला आणि सगळं काढलं. माझं, तुझं, कुणाचं ते बघत बसलो नाही. पिशव्या गाडीत घातल्या आणि कचरा जाळायच्या कारखान्यावर नेल्या. तिथला माणूस म्हणाला, आजोबा, हे चांगलं मांस आहे. मी म्हटलं, तू तोंड बंद ठेव. असं मी आयुष्यात परक्या माणसाशी बोललेलो नाही.

आल्यावर गोळ्या भरायचं यंत्र तळघरातून उचललं आणि भंगारात टाकलं. शिकारीचा परवाना पोलिसांकडे परत करणार आहे. आता खूष?

पण एक सांग. मी सत्तर वर्षांचा आहे, सात वर्षांचा नाही. फेब्रुवारीत तुला कळलं. एप्रिलमध्ये तू मला ठरावाचं पत्र लिहिलंस, जसं बँक लिहिते. मेमध्ये माझी गंमत केलीस, मुसाच्या खिशात म्हणून. एक ओळ लिहिली असतीस, "तूरे, स्वेया आजारी आहे," तर मी त्याच रात्री रायफल तळ्यात फेकली असती. तू ती ओळ लिहिली नाहीस. माझी कीव केलीस. तुझ्या त्या किवेमुळे मी त्या पोरीला माझ्या हातानं गोळे भरवले.

मी तळताना ती स्टुलावर उभी होती. मोजत होती.

यापुढे मला लिहू नकोस.

तूरे

*

ओस्टरसुंड, ३ नोव्हेंबर

आई आणि तूरेमामा,

हेच पत्र दोघांना पाठवतेय, शब्दही न बदलता, म्हणजे नंतर "मला वेगळंच कळलं होतं" असं म्हणायला जागा नको.

मामा, तू माझ्या घरात घुसलास, माझ्या नवऱ्याला ढकललंस आणि माझा फ्रीझर रिकामा केलास. त्यात फक्त मांस नव्हतं. अख्ख्या उन्हाळ्यात स्वेयानं आणि मी वेचलेल्या रासबेऱ्या होत्या. सासूबाईंनी केलेले पाव होते. मासे होते. तू ते सगळं जाळलंस. एकदा फोन करून विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, की तुझा खिमा आईचा फोन आला त्याच रात्री मी बाहेर काढला होता. तू आणलेल्या दिवशी तिनं खाल्ले तेवढेच.

आता दुसरं. हे आईला माहीत आहे, तुला नाही.

तुझं मांस स्वेयानं त्याआधी कधी खाल्लंच नव्हतं. दर नाताळाला तुझा डबा येतो आणि दर नाताळाला योनास तो त्याच्या आईवडिलांकडे नेतो, कारण आमच्या फ्रीझरमध्ये आईच्या पिशव्यांनी बोट शिरायला जागा नसते. स्वेया दात आल्यापासून जे खातेय ते आईनं मारलेलं, आईनं कापलेलं, आईनं दळलेलं. त्या हलक्या, वेगवान गोळीचं. योनासनं तुला अडवलं नाही, कारण त्याला वाटलं, दोष फक्त त्याच गोळीचा. डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या पिशव्या मागवल्या आणि क्ष-किरणाखाली धरल्या. मी पडद्यावर पाहिलं. काळ्या आकाशात चांदणं असतं तसं दिसत होतं. मी फेब्रुवारीतच आईला फोन करून हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं मॅग्नम विकली.

आई, मामानं योनासला दारातच सांगितलं, की डबा त्याचा होता असं तू लिहिलंस. का लिहिलंस?

मला तुमच्या रायफली, तुमचे ग्रॅम, आजोबांनी कुणाला नाक्यावर बसवलं, यातलं काहीही ऐकायचं नाही. मूल माझं आहे. रक्त तिचं आहे. एप्रिलपासून तुम्ही दोघं त्यावरून एकमेकांना पत्रं लिहिताय, आणि एकानंही मला विचारलं नाही, की यिल्वा, तुला काय हवंय.

मला सध्या शांतता हवी आहे. मूल होईपर्यंत कुणी येऊ नका.

यिल्वा

*

येव्ले, ८ नोव्हेंबर

गुनवोर,

मी म्हणालो होतो लिहू नकोस. आता म्हणतो, लिही.

दहा दिवस मी या स्वयंपाकघरात बसून होतो. जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. माझी बिर्गित असती तर तिनं मला ओढून उठवलं असतं, पण ती नाही. दहा दिवस मला वाटत होतं, की मी एका मुलाला विष घातलं. आणि तू तिथे लोंगव्हिकला बसून होतीस आणि तुला माहीत होतं.

खोटं बोललीस ते बोललीस. पण ते रागाच्या भरात नाही बोललीस, विचार करून बोललीस. "दर नाताळाला डबा कुणाचा जातो ते मला माहीत आहे." हे वाक्य तू जुळवलंस. त्यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणून तर ते इतकं घाण आहे.

उत्तर दे.

तूरे

*

लोंगव्हिक, १९ जानेवारी २०१४

तूरे,

दोन महिने कागद टेबलावर होता. सहा पत्रं चुलीत गेली. हे जाणार नाही, कारण आता मी स्वतःलाच कंटाळले.

त्या मादीचा फरा. तू मुरंबा म्हणालास तो. मी तो टाकला नाही. मांस कापायच्या खोपीत एकटी होते, तुम्ही सगळे शेकोटीला. काळंनिळं झालेलं कापलं, दोन बोटं आजूबाजूचं कापलं, आणि थांबले. एक वीत कापायला हवं होतं. पण आईनं कसं शिकवलं ते तुलाही आठवत असेल. मांस टाकलं की हातावर फटका. मी ते दळलं, पिशव्यांवर "स्वेया" लिहिलं, कारण ते सगळ्यात कोवळं होतं. सगळ्यात चांगलं म्हणून तिला दिलं. ते एकच जनावर नव्हतं, तीन वर्षं मी असंच करत आले.

तू तिथेच मला म्हणाला होतास, वजन वाढव, वेग कमी कर. मी हसले होते. ते खरंच हसण्यासारखं वाटलं होतं. माझी गोळी सपाट जायची, तीनशे मीटरवरही खाली पडायची नाही. बाबांनी मला नाक्यावर बसवलं नाही, म्हणून मला सगळ्यांपेक्षा लांबचं मारून दाखवायचं होतं. ते तू बरोबर लिहिलंस. म्हणूनच तुझ्यावर जास्त राग आला.

आणि ऑक्टोबरचं ते पत्र. तू खिजवत होतास आणि माझ्या हातात एवढा मोठा दगड होता. मी तो मारला. त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

माफी मागत नाही. तू ती परत पाठवशील, आणि तुझं बरोबर असेल.

स्वेयाचं रक्त पुन्हा तपासलं. निम्म्यावर आलंय. हे यिल्वानं योनासकडून कळवलं. माझ्याशी ती बोलत नाही.

गुनवोर

*

येव्ले, ३० मार्च

गुनवोर,

माफी मागितलीच नाहीस, तर परत काय पाठवू? तेवढी तसदी वाचवलीस.

अजून राग आहे. सकाळी उठलो की आधी तो उठतो, मग मी. पण पोरगा झालाय, एब्बे नाव ठेवलंय, हे तुला कळलं असेल. योनासनं फोटो पाठवला. आपल्या बाबांसारखा दिसतो, म्हणजे डोक्यावर केस नाहीत आणि सगळ्यांवर नाराज.

परवाना मी परत केला नव्हता. पोलिसांकडे दोनदा गेलो, दोनदा दारातून परतलो. आर्नेची रायफल दे. आणि तीनशे आठसाठी तांब्याची गोळी किती वजनाची घ्यायची ते सांग. इथला दुकानदार पोरगेला आहे, मला पावणेअकरा ग्रॅमची गळ्यात मारतोय. मला जड बरी वाटते.

हे मी तुझ्यासाठी करत नाही.

तूरे

*

लोंगव्हिक, ४ एप्रिल

तूरे,

जड घेऊ नकोस. इथेच तुझं डोकं अडकतं. शिशाला वजन लागतं, कारण ते वाटेत झिजतं. तांबं झिजत नाही, पाकळ्या उघडतं आणि तसंच पुढे जातं. त्याला वेग लागतो, नाहीतर पाकळ्या उघडतच नाहीत आणि सुईसारखं आरपार जातं. आमची मादी तळ्यापर्यंत पळाली ती त्यामुळेच. टोळीतल्या फ्रेडरिकनं तुझ्यासारखंच जड घेतलं होतं. पावणेदहा ग्रॅमची घे. आणि फुफ्फुसावर मारू नकोस, खांद्याच्या हाडावर मार.

रायफल अस्सारकडे ठेवली आहे. माझ्या दारात तुला यायचं नसेल म्हणून.

या वर्षी मी प्रमुख नाही. राजीनामा दिला. टोळीला तुझं नाव सुचवलंय. ते हसले नाहीत.

गुनवोर

*

लोंगव्हिक, ११ सप्टेंबर २०१४

प्रिय यिल्वा,

हे पत्र तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातून लिहितोय. ती खोपीत आहे. आम्ही बोलतो, पण कामापुरतं: "सुरी दे", "मीठ कुठाय". काल तिनं कॉफीत साखर घालून दिली आणि मी प्यालो, मला साखर चालत नाही तरी. इतपत आलंय.

मंगळवारी मी तुझ्या आईला नाक्यावर बसवलं. दोन ओढ्यांमधल्या, सगळ्यात चांगल्या नाक्यावर. तो नेहमी माझा असायचा. ती म्हणाली, "दया करतोस?" मी म्हटलं, "प्रमुख मी आहे, जिथे सांगतो तिथे बस आणि तोंड बंद ठेव." ती बसली.

मूस मात्र माझ्याकडे आला. तसंच असतं. वासरू होतं, या वर्षीचं. जवळून, पन्नास मीटरवरून, खांद्याच्या हाडावर मारली. मला वाटलं चुकली, कारण ते पळालं. मी इतक्या शिव्या घातल्या की तुझ्या आईनं रेडिओवर सांगितलं, पोरं ऐकतायत. साठ पावलांवर सापडलं. गोळी आरपार गेलेली, मला तोलायलासुद्धा काही ठेवलं नाही. मांस स्वच्छ. तरीही एक वीत कापलं. मी कापत होतो आणि तुझी आई शेजारी उभी राहून म्हणत होती, "अजून. अजून." शेवटी इतकं टाकलं की कावळ्यांनी सभा भरवली.

त्यातला निवडक खिमा मी वेगळा काढून ठेवलाय. शिशाचा कणही त्यात नाही, ते मी छातीठोकपणे सांगतो. अस्सारच्या भाच्यानं जनावरांच्या दवाखान्यात यंत्राखाली धरूनही पाहिला. काळं आकाश, एकही चांदणी नाही.

मी आयुष्यात कुणाच्या घरी मांस नेताना विचारलेलं नाही. आता विचारतो. आणू का?

तुझा,
तूरेमामा

*

ओस्टरसुंड, १८ सप्टेंबर

तूरेमामा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा योनासला वाचून दाखवलं.

नको. आणू नकोस.

मांस स्वच्छ असेल, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण स्वेया अजून तपासणीला जाते. सुई दिसली की माझ्या मागे लपते. मांसाचे गोळे दिसले की विचारते, "हे कुणी मारलं?" चार वर्षांच्या मुलीनं हे विचारायचं नसतं. तिनं विचारायचं थांबवलं, की मी तुला स्वतः फोन करीन. पुढच्या वर्षी असेल, कदाचित त्याच्याही पुढच्या. आईलाही हेच उत्तर आहे, तिला मी वेगळं लिहितेय.

पण एब्बे सहा महिन्यांचा झाला आणि त्याला तुम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही. रविवारी या. दोघं एकाच गाडीतून या. एकत्र तीन तास गाडीत बसलात आणि दोघं जिवंत पोचलात, तर मला कळेल की कामापुरतं बोलण्याच्या पुढे गेलात.

मासा मी करीन. तुम्ही काही आणायचं नाही. खिमा नाही, बेऱ्या नाहीत, पाव नाही, एवढासा डबासुद्धा नाही. रिकाम्या हातांनी या, मामा. बघू या, तुम्हाला जमतं का.

यिल्वा